गाडी विकणाऱ्याने आधी चालवणाऱ्याकडे बघावं

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात नव्या मोटारसायकलींवर येतं ते सगळं मी आवडीने वाचतो. इंजिन केवढं, मायलेज किती, फीचर्स काय काय, सगळं नीट दिलेलं असतं. पण ज्या माणसांच्या हातून ही गाडी आपल्याला मिळते आणि पुढची कित्येक वर्षं ज्यांच्याकडे ती सर्व्हिसिंगला जात राहते, त्या शोरूममधल्या आणि वर्कशॉपमधल्या माणसांबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

शोरूममध्ये गेलात की पहिला प्रश्न येतो, कुठलं मॉडेल बघायचंय, आणि लगेच दुसरा, कॅश की लोन. या दोघांच्या मध्ये जे विचारायला हवं ते तसंच राहून जातं. रोज साधारण किती चालवणार, जास्त ट्रॅफिकमध्ये की हायवेला, मागे नेहमी कोणी बसणार का, याआधी कुठली गाडी होती, गुडघ्याचा किंवा पाठीचा काही त्रास आहे का, गाडी रात्री उभी कुठे करणार, तिथे उतार आहे का. एवढं सगळं विचारायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण त्यावरून कळतं की समोरच्या माणसाला त्याने मनात धरलेली गाडी खरंच झेपणार आहे का. साधी चप्पल घ्यायची तरी दुकानदार आधी पायाकडे बघतो, इथे मात्र एवढी जड गाडी आपण एका माणसाच्या हातात देतोय आणि त्याच्या पायाकडे कोणी बघत नाही.

पायाचंच घ्या. ब्रोशरमध्ये सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते आणि सेल्समन तो आकडा वाचून दाखवतो. आता दोन गाड्यांची सीट ८०० मिलिमीटरच असली तरी एकीची सीट पुढे निमुळती असते आणि दुसरीची रुंद, रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि त्याच माणसाचे पाय कमी पोचतात. शिवाय माणूस बसल्यावर सस्पेन्शन दबतं, ते किती दबेल हे त्याच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या सेटिंगवर ठरतं. हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही, गाडीवर बसवून बघितल्याशिवाय कळतच नाही.

मी एका शोरूममध्ये हे फार सुंदर केलेलं बघितलंय. एक उंचीने लहान मुलगी भावासोबत आली होती, आणि बाकी सगळे भावाशीच बोलत होते, मायलेज वगैरे त्यालाच सांगत होते, पण गाडी घेणार होती ती. मग तिथला एक जुना माणूस पुढे आला आणि सरळ तिलाच म्हणाला, "ताई, गाडी चालवताना घालणार तेच बूट आहेत ना पायात?" तिला बसवलं, स्टँड काढून गाडी स्वतः सरळ धरायला सांगितली, बसल्या बसल्या पायाने थोडी मागे घ्यायला लावली, मग खाली उतरून साइड स्टँडवर लावायला सांगितली. ती ब्रेक-क्लच धरताना तिची मनगटं वरच्या बाजूला वाकत होती, ते बघून त्याने खिशातून अॅलन की काढली, लिव्हरचा क्लॅम्प थोडा सैल केला, लिव्हर जरा खाली फिरवून परत घट्ट केला. मनगट सरळ झालं. दोन मिनिटांचं काम. तिने विचारलं की गाडी थोडी खाली करून मिळेल का, तर लगेच हो म्हणून नवीन पार्ट गळ्यात न मारता त्याने तिला नीट सांगितलं की मागची लिंक, म्हणजे मागच्या सस्पेन्शनला जोडलेली पट्टी, बदलून गाडी खाली केली तर साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, मग गाडी जास्तच सरळ उभी राहते आणि पडू शकते, हेडलाइटचा झोत वर जातो, स्पीडब्रेकरला खालून घासते, त्यापेक्षा आधी कमी फोमची सीट लावून बघू. याला मी गिऱ्हाईक ओळखणं म्हणतो. नाव पाठ असणं, वाढदिवसाला मेसेज पाठवणं, हे त्यानंतर.

डिलिव्हरीच्या दिवशीही वेळ भलतीकडेच जातो. फोटो होतात, रिबिन होते, ॲक्सेसरीज आणि एक्सटेंडेड वॉरंटीचे कागद पुढे येतात, पण गाडी त्या माणसासाठी लावून द्यायची राहते. वाहतुकीत कधीकधी टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते ती तशीच राहते. मागे बसणारं माणूस ठरलेलं असलं तरी सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते सेटिंग, कंपनीतून आला तसाच. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर सांभाळून, हे एका वाक्यात सांगता येतं आणि ते न सांगणं मला तरी निष्काळजीपणा वाटतो. चेन किती ढिली हवी, ती कुठे हात लावून बघायची, हे गाडीशेजारी बसून दाखवायचं काम आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलंय हे उत्तर बरोबर असलं तरी पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि जास्त घट्ट चेन सुद्धा वाईट, बेअरिंगवर ताण येतो, हे तर कित्येकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं घट्ट म्हणजे चांगली.

आता सर्व्हिसिंग. माझी खरी तक्रार इथे आहे. गिऱ्हाईक आपलं दुखणं सर्व्हिस ॲडव्हायजरला सांगतं, ॲडव्हायजर ते जॉबकार्डवर दोन शब्दांत लिहितो, आणि आत ज्याच्या हातात पाना आहे त्या मेकॅनिकला फक्त ते दोन शब्द मिळतात. माझ्या गाडीला एका ठराविक स्पीडला हँडलमध्ये झिणझिण्या यायच्या, मी सांगितलं की गिअर बदलला आणि स्पीड तोच ठेवला तरी येतंच, क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी येतंच. कार्डवर काय लिहिलं, "व्हायब्रेशन चेक". बस. संध्याकाळी उत्तर, सर चेक केलं, सगळं नॉर्मल आहे. म्हणजे आत गाडी स्टँडवर लावून नुसती रेस केली असणार, त्यात काय सापडणार? मी जे सांगितलं त्यातच अर्धं निदान होतं. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर थरथर बदलत असेल तर इंजिनकडे बघायचं, फक्त स्पीडबरोबर येत असेल तर चाकाकडे. परत तेच झालं तेव्हा मी हट्ट धरला की मेकॅनिकलाच भेटायचंय. तो बाहेर आला, हात पुसत, आणि त्याने पहिलाच प्रश्न हाच विचारला की क्लच दाबल्यावर जातं का. जात नाही म्हटल्यावर तो थेट पुढच्या चाकापाशी बसला, रिमवरून बोट फिरवत गेला आणि एका जागी थांबला. चाकाचा तोल साधायला रिमला चिकटवतात ते बॅलन्सिंगचं वजन गळून पडलं होतं, त्याच्या चिकटपट्टीचा काळा डाग तेवढा उरला होता. त्या मुलाला सगळं येत होतं, आमची भेट घडवायला मात्र कोणी तयार नव्हतं, कारण काय तर गिऱ्हाइकाने आत यायचं नाही असा नियम.

म्हणून मला वाटतं की स्टाफला ज्ञान नाही असं सरसकट म्हणणं चूक आहे. ज्ञान बऱ्याचदा इमारतीतच असतं, काचेच्या पलीकडे. बोलणारा माणूस वेगळा, जाणणारा वेगळा. ॲडव्हायजरला सकाळच्या दोन तासांत सगळ्या गाड्या आत घ्यायच्या असतात, तो तरी किती लिहिणार. सेल्समनचं टार्गेट महिन्याला किती गाड्या गेल्या यावर, चुकीची गाडी घेऊन पस्तावलेल्या माणसाचा हिशोब त्यात कुठेच नाही. ट्रेनिंग म्हणजे ब्रोशर. काही ठिकाणी तर ज्याला गाडी विकायचीय त्यानेच ती कधी लांबवर चालवलेली नसते, मग सीट एक तासाने टोचायला लागते का या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?

स्पेअर पार्टच्या काउंटरवरही हेच. जाणकार माणूस आधी चॅसी नंबर मागतो, कारण नाव तेच असलं तरी मधल्या काळात कंपनीने पार्ट बदललेला असू शकतो. ऑइल मागितलं तर ग्रेडबरोबर डब्यावर जासो एमए ही मोटारसायकलच्या ऑइलची खूण आहे का हे बघून देतो, कारण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारचं काही ऑइल इतकं निसरडं असतं की क्लच घसरायला लागतो. जासो हे १९९८ पासूनचं जपानी स्टँडर्ड आहे, नवीन काही नाही.

कंपन्यांना हे कळत नाही असंही नाही. होंडाने १९५९ मध्ये अमेरिकेत दुकान थाटलं तेव्हा छोट्या गाड्या खेळाच्या सामानाच्या दुकानांतूनसुद्धा विकल्या, कारण ज्यांनी कधी मोटारसायकलच्या दुकानात पाय ठेवला नव्हता अशी माणसं त्यांना हवी होती. हार्ले-डेव्हिडसनने १९८३ मध्ये आपल्या गाड्या घेणाऱ्यांचा क्लब काढला. अमेरिकेत पाइड पायपर नावाची कंपनी तर गिऱ्हाईक बनून माणसं पाठवते आणि कुठल्या ब्रँडचे डीलर कसे वागले याची क्रमवारी काढते. चांगलंच आहे, पण त्यात मुख्यतः विक्री कशी केली ते बघतात, आणि मला विचाराल तर खरी परीक्षा विक्रीनंतर असते. तिथे आपल्याकडून काय मागतात, तर फोन येतो, सर पाचपैकी पाच द्या, नाहीतर आमचा इन्सेन्टिव्ह जातो. असा मार्क घेऊन कंपनीला काय कळणार? चार दिलेल्या माणसाला एवढंच विचारा की एक कशाचा कमी केला, त्यातून ढीगभर शिकायला मिळेल.

माझं मागणं फार मोठं नाही. तक्रार असेल तर जॉबकार्डवर गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं लिहा, कापू नका. आवाज किंवा थरथर अशी तक्रार असेल तर मेकॅनिकला गिऱ्हाइकासोबत एक चक्कर मारू द्या, गाडी देतानाही त्यानेच काय केलं ते सांगू द्या. डिलिव्हरीला लिव्हर, आरसे, प्रीलोड, हवा एवढं त्या माणसाला बसवून लावून द्या. आणि सेल्समनला ती गाडी स्वतः दिवसभर चालवू द्या.

तुम्हालाही एक विनंती, वाहनांच्या पानावर गाडीचा रिव्ह्यू छापता तेव्हा त्याशेजारी ती गाडी सर्व्हिसिंगला देणाऱ्या वाचकांचे अनुभवही छापा, चांगले असतील तेही. आणि वर्कशॉपमधल्या मंडळींनीही लिहावं, त्यांचं नाव न छापता चालणार असेल तर जास्तच मोकळेपणाने लिहितील, गिऱ्हाईक काय सांगायला विसरतं आणि जॉबकार्डवर त्यांच्यापर्यंत काय पोचत नाही ते.

आपला,
रोज मोटारसायकल चालवणारा एक वाचक