पांढरा रंग फ्रेंचांच्या माथी मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'फ्रेंच कंट्री' जेवणघराविषयी आपण पानभर लेख छापलात. फोटो छान होते. पण घरातलं जुनं सागवानी टेबल घासून त्याला पांढरट चॉक पेंट (खडूसारखा, चकाकी नसलेला रंग) द्यावा आणि मग काचपेपरने कोपरे उघडे पाडावेत, म्हणजे 'फ्रान्सच्या खेड्यातला अस्सल थाट' येतो, असं त्यात लिहिलंय. त्याच संध्याकाळी पुण्याहून पुतणीचा फोन आला, "काका, किती नंबरचा काचपेपर आणू?" तिचं ते टेबल माझ्या वडिलांनी केलेलं आहे. म्हणून हे पत्र.

मी सावंतवाडीच्या सुताराचा मुलगा. स्वतः मात्र वेल्डिंग तपासण्याची नोकरी केली. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराशला इटर हा अणुसंलयनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालू आहे. त्याचं क्रायोस्टॅट, म्हणजे 30 मीटर उंच आणि तेवढंच रुंद पोलादी भांडं, आपल्या गुजरातमधल्या हजिऱ्यात तुकड्यांनी तयार होऊन तिथे जोडलं गेलं. त्या कामावर मी 2019 ते 2022 मानोस्क गावात राहिलो. आठवडाभर पोलाद बघायचं आणि रविवारी लाकूड. लिल-सुर-ला-सॉर्ग नावाच्या गावात नदीकाठी दर रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो. मी विकत फारसं काही घेत नसे. वाकून टेबलांच्या खालच्या बाजूच बघत बसायचो, तेव्हा विक्रेते हसायचे.

प्रोव्हान्सच्या, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या याच भागाच्या, जुन्या शेतघरात वेगळं जेवणघर नसेच. चूल, टेबल, कणीक मळायची काठवट, सगळं एकाच मोठ्या खोलीत. ही काठवट म्हणजे 'पेत्रँ': पायांवर उभी, झाकणाची लाकडी पेटी. तिच्यावर भिंतीला टांगलेली 'पानतिएर', म्हणजे पावाचा पिंजरा. चारी बाजूंनी चरकावर कातलेल्या नाजूक दांड्या, पुढे छोटं दार, दाराला कुलूप. पाव रोज भाजत नसत, त्यामुळे तो बरेच दिवस टिकवावा लागे. दांड्यांमधून वारा खेळतो म्हणून बुरा येत नाही, आणि भिंतीवर असल्याने उंदीर पोचत नाही. आपल्या शिंक्याचीच श्रीमंत बहीण म्हणा. आज हीच पानतिएर बंगल्यांतून शोभेला टांगतात आणि आत प्लास्टिकची लॅव्हेंडर ठेवतात.

आणि या सगळ्याचा रंग? तपकिरी. अक्रोडाचं लाकूड, वर मधमाश्यांचं मेण आणि टर्पेंटाइन. पिढ्यान्‌पिढ्या मेण घासून आलेली मधाळ झाक. आर्ल शहरात म्युझिऑन आर्लातेन हे संग्रहालय आहे. कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी ते 1899 साली उघडलं आणि 1904 च्या नोबेलचे पैसेही त्याच्याच विस्तारात घातले. नूतनीकरणानंतर ते मे 2021 मध्ये पुन्हा खुलं झालं, तेव्हा मी दोनदा जाऊन आलो. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाचा देखावा तिथे मांडलाय. त्या रात्री टेबलावर एकावर एक तीन पांढऱ्या चादरी अंथरायच्या आणि जेवणानंतर तेरा प्रकारचं गोड मांडायचं, अशी तिकडची रीत. त्या खोलीत पांढरं असेल तर कापड. लाकूड नव्हे.

मग हा पांढरा, सोललेला थाट आला कुठून? चॉक पेंट तयार केला अ‍ॅनी स्लोन या इंग्लंडमधल्या बाईंनी, 1990 साली. 'शॅबी शिक', म्हणजे मुद्दाम जुनाट-झिजका थाट, हे नाव गाजवलं रेचल अ‍ॅशवेल यांनी, 1989 साली अमेरिकेत सँटा मोनिकाला दुकान काढून. दोघींचं काम आपल्या जागी चांगलंच आहे, पण ते फ्रान्सच्या शेतकऱ्याच्या नावावर खपवू नये. रंगवलेलं फर्निचर फ्रान्समध्ये नव्हतंच, असंही मी म्हणणार नाही. यूझेस गावची फुलापानांनी रंगवलेली कपाटं प्रसिद्ध आहेत, आणि शहरी दिवाणखान्यातल्या खुर्च्यांना करडा रंग देत. पण तो रंग दिसावा म्हणून दिलेला असे, सोलून काढण्यासाठी नव्हे.

आमच्या गावातही हेच होतं. चितारआळीतली खेळणी पांगाऱ्याची. पांगारा मऊ आणि रूपाने साधा, म्हणून त्याच्यावर रंग खुलतो. सागवान, शिसवी, फणस यांना वडील रंगाचा हात लावू देत नसत. गंमत म्हणजे ते ज्याला 'फ्रेंच पॉलिश' म्हणायचे, तो स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे आपलीच लाख. नाव तेवढं फ्रेंच. कोकणच्या पावसात नुसत्या मेणावर बुरशी धरते, म्हणून आमच्याकडे लाखच बरी. पुण्यात मेण चालतं.

खोटी झीज ओळखायची असेल तर टेबलाखाली जावं. खरी झीज जिथे हात-पाय पोचतात तिथेच असते: पाय ठेवायच्या आडव्या दांडीवर, खणाच्या खालच्या कडेला, खुर्चीच्या पाठीच्या वरच्या टोकाला. चारी कोपरे सारखेच झिजलेले दिसले, तर ते एका माणसाने एका दुपारी केलेलं काम. जुन्या टेबलाच्या साल-कुशीत, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेल्या सांध्यात, लाकडी खुंटी मारलेली असते. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं आणि खुंटीचं टोक किंचित वर येतं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं. लिल-सुर-ला-सॉर्गला पहिल्यांदा ते टोक बोटाला लागलं, तेव्हा वडिलांच्या पाटाची आठवण झाली.

लेखात आणखी एक सल्ला होता: प्रोव्हान्सचा छापील टेबलक्लॉथ महाग पडला तरी मागवाच. लेखिका ताई, त्या कापडावरची नक्षी नीट पाहा. ती कोयरी आहे. हिंदुस्थानातली छापील सुती कापडं सतराव्या शतकात मार्से बंदरात उतरायची. तिकडे त्यांना 'अँदिएन' म्हणजे 'हिंदुस्थानी' हेच नाव पडलं. लोक त्यांच्यामागे इतके लागले की रेशीम आणि लोकरवाल्यांच्या ओरड्यामुळे राजाने 1686 मध्ये त्यांवर बंदी घातली. ती उठली 1759 मध्ये. तोवर तिकडचे छापणारे आपला ठसा शिकून बसले होते. आता आपण तीच कोयरी युरो मोजून परत आणायची.

खुद्द फ्रान्समध्ये जुन्या कपाटांना आता कोणी विचारत नाही, हेही सांगतो. फ्लॅटच्या दारातून ती आत जात नाहीत. मानोस्कजवळ एका धर्मादाय दुकानात लग्नात दिलेलं, कबुतरं कोरलेलं ओकचं कपाट 80 युरोंना पडून होतं. मी तीन रविवार ते बघून आलो. चौथ्या रविवारी गेलो तर कोणीतरी घेऊन त्याला अंगणातच पांढरा हात मारत होतं. म्हणजे आपण एकटेच नाही.

पुतणीला मी सांगितलंय की रंगाआधी एक काम कर. टेबल उलटं करून कोपऱ्यात हातभर जागेवर मेण आणि टर्पेंटाइन घासून बघ, दोन दिवस थांब, मग ठरव. ती म्हणाली, "बघते." रंगारी शनिवारी येणार आहे. मी शुक्रवारच्या रात्रीच्या एसटीचं तिकीट काढलंय, पिशवीत मेणाचा डबा आहे. हे पत्र छापून येईपर्यंत त्या टेबलाचं काय ते ठरलेलं असेल.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी