शस्त्रक्रियेआधीच शिकून घे

पुणे

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. गाठ गुदाशयात बरीच खाली आहे, रेडिएशन पूर्ण झाले आहे, आता गाठ काढून आतडे पुन्हा जोडणार आणि तो जोड नीट भरून येईपर्यंत पोटावर तात्पुरता स्टोमा, म्हणजे मल बॅगेत उतरावा म्हणून आतड्याचे पोटावर काढलेले तोंड, ठेवणार, हे सगळे तू व्यवस्थित लिहिले आहेस. पण शेवटी 'तीन महिने कसेबसे काढायचे, बॅगेचे काय ते ही बघेल' असे जे एक वाक्य तू टाकले आहेस, त्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसलो आहे.

पहिली गोष्ट, तीन महिने हा आकडा पक्का धरू नकोस. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यायचे ठरले, तर स्टोमा बंद करण्याची तारीख पुष्कळदा पुढे जाते, आणि काही थोड्या रुग्णांचा तात्पुरता म्हणून केलेला स्टोमा बंद करताच येत नाही. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे म्हणून शिकायचे टाळणारे लोकच सर्वांत जास्त हाल सोसतात, हे मी इतरांचे पाहिले आहे. शिवाय माझा स्टोमा मोठ्या आतड्याचा, डाव्या बाजूचा आणि कायमचा आहे. तुझा लहान आतड्याचा, बहुधा उजवीकडे असेल. त्यामुळे माझे सगळेच तुला जसेच्या तसे लागू पडणार नाही.

माझ्या वेळी रुग्णालयाने बॅग बदलायला शिकवले ते माझ्या मुलाला, तेही घरी सोडण्याच्या दिवशी, बिलाची धावपळ चालू असताना, खोलीबाहेरच्या व्हरांड्यात. मी आत पलंगावर पडून होतो. ज्याच्या पोटावर हे सगळे घडले होते, त्याला कोणी काही विचारले नाही. मुलाने पुढे सगळे मनापासून केले, पण तो ऑफिसला गेला की माझा जीव टांगणीला लागायचा. आपल्याकडे आजारी माणसाला काही करू न देणे यालाच माया म्हणतात. या आजारात ती माया माणसाला लुळे करते. पुढे एका स्टोमा नर्सबाईंनी मला आरशासमोर उभे केले, कात्री माझ्या हातात दिली आणि मुलाला खाली चहा प्यायला पाठवले. मी एकटा घराबाहेर पडू लागलो तो त्यानंतर.

रुग्णाला शिकवण्याचे हे काम एका रुग्णबाईनेच सुरू केले, हे मला नंतर कळले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल नावाचे सर्जन होते. त्यांनी नॉर्मा गिल या आपल्या जुन्या रुग्णाला, जिला स्वतःला इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, होती, १९५८ साली इतर रुग्णांना शिकवण्यासाठीच नोकरीवर घेतले. त्या काळी बॅग कातडीला चिकटण्यासाठी टर्नबुल यांनी जो डिंक वापरात आणला, तो कराया डिंक म्हणजे उन्हाळ्यात आपल्या डोंगरांवर पांढराफटक, निष्पर्ण उभा दिसणारा कांडोळ आहे ना, त्याचा. आपण ट्रेकला जाताना त्या झाडाला भुताचे झाड म्हणून हसायचो.

आता कामाचे. शस्त्रक्रियेआधी स्टोमाची जागा पेनाने आखून घेतल्याशिवाय राहू नकोस. सर्जनना स्पष्ट विचार की जागा कोण आखणार आणि कधी. जाताना रोजची पँट आणि पट्टा घालून जा, कारण निजलेल्या पोटावर जी जागा सपाट दिसते ती बसल्यावर वळीत जाते. उभे राहून, खुर्चीवर बसून, वाकून, आणि तू रोज पूजेला बसतोस तसे मांडी घालूनही बघायला लाव. वळी, बेंबी, जुना व्रण, कमरेचे हाड आणि पट्टा यांपासून ती जागा दूर हवी, आणि मुख्य म्हणजे तुझी तुला दिसायला हवी. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी नेमकी कुठे बसते ते बघावे लागते, आणि कोणी बाई असल्याखेरीज ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

बॅग बदलायची ती सकाळी, काही खाण्याआधी, तेव्हा आतडे त्यातल्या त्यात शांत असते. जुनी फ्लँज, म्हणजे बॅगेची कातडीला चिकटणारी चकती, ओढून काढू नकोस. एका हाताने कातडी खाली दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने फ्लँज हळूहळू सोडवायची. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरते. स्पिरिट, जंतुनाशक, तेल, टाल्कम पावडर यांतले काहीही नको. स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो; त्याला हात लावला तर दुखत नाही, पुसताना थेंबभर रक्त आले तरी घाबरायचे कारण नाही. कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर फ्लँजला भोक कापायचे, ते स्टोमापेक्षा दोन ते तीन मिलिमीटर मोठे. इथेच बहुतेकांची गफलत होते. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होत जातो, पण लोक रुग्णालयात मिळालेल्या मापानेच भोक कापत राहतात. मग उघड्या राहिलेल्या कडेवर लहान आतड्यातला पाचकरस लागतो आणि कातडी सोलवटून निघते. दर बदलाला माप घे. फ्लँज लावण्याआधी तळहातांत धरून जरा कोमट कर आणि लावल्यावर मिनिटभर हाताने दाबून धर. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. जड झाली की तीच फ्लँजला ओढते.

तुझ्या बाबतीत मला खरी काळजी पाण्याची वाटते. मोठे आतडे पाणी आणि मीठ शोषून घेते. ते वाटेतून वगळले गेल्यामुळे तुझ्या शरीरातून दोन्ही जातील. बॅगेत पातळ पाण्यासारखे येऊ लागले की लोक तांब्यांवर तांबे पाणी पितात, आणि नुसत्या पाण्याने ते उलट वाढू शकते. ओआरएस घरात ठेव. बॅग मोजपात्रात रिकामी करायची सवय लाव. दिवसाला दीड लिटरच्या वर गेले, लघवी कमी आणि गडद झाली, पोटऱ्यांत गोळे आले किंवा उठताना चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. एप्रिलच्या उन्हात तर हे जास्तच सांभाळ. काही गोळ्या आतड्यात सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या तुझ्या बॅगेत अख्ख्या येऊन पडू शकतात. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलास तरी आधी इलिओस्टॉमी आहे हे सांग, आणि पोट साफ होण्यासाठी घेतात ते रेचक तर चुकूनही घेऊ नकोस.

खाण्याचे लोक उगाच अवडंबर माजवतात. सुरुवातीला मऊ भात, मुगाचे वरण, केळे, ताक. मग दर वेळी एकच नवा पदार्थ थोडा थोडा घेऊन बघ आणि बारीक चावून खा. मक्याचे कणीस, ओले खोबरे, शेंगदाणे, गवार, शेवग्याची शेंग हे धाग्याचे आणि न पचणारे जिन्नस पहिले काही आठवडे दूरच ठेव, ते अडकतात. बीट खाल्लेस तर बॅगेत लाल दिसेल, ते रक्त नव्हे. मात्र कळा येत आहेत, उलट्या होत आहेत आणि काही तास बॅगेत काहीच आले नाही, किंवा स्टोमा काळसर, जांभळा पडला, तर ओवा-हिंगात वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठ.

तू मोकळेपणाने विचारले नाहीस, पण वास येईल का ही धास्ती तुझ्या मनात असणार. बॅगेचे प्लॅस्टिक वास अडवते. रिकामी करताना वास येतोच, एरवी आला तर कुठेतरी गळती आहे असे समजायचे. अंघोळ बॅग लावून कर किंवा काढून, स्टोमातून पाणी आत जात नाही. मी तळजाई टेकडीवर फिरायला जातो, सवाईला संध्याकाळभर भारतीय बैठकीवर बसतो, देवपूजा करतो. स्टोमा असलेल्या माणसाने सोवळे नेसावे की नाही, असा प्रश्न आमच्या एका नातेवाइकाने काढला होता. त्याला मी पुन्हा जेवायला बोलावलेले नाही. प्रवासात फ्लँज आधीच कापून हाताशी असलेल्या पिशवीत ठेव, आणि उन्हात उभ्या गाडीत बॅगा ठेवू नकोस, गोंद वितळतो. पहिले सहा ते आठ आठवडे भरलेली बादली किंवा सिलिंडर उचलायचा नाही, नाहीतर स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. वहिनींशी जवळिकीबद्दल मात्र तू स्वतः बोल. त्या विचारणार नाहीत आणि तू लांब निजू लागशील, हे मी अनुभवावरून सांगतो. बॅग आधी रिकामी करून तिच्यावर सुती आवरण घातले की बरीचशी अडचण सरते.

बॅगांचा खर्च महिन्याच्या महिन्याला चालू राहतो. घरी आल्यानंतरच्या बॅगांचे पैसे तुझ्या पॉलिसीतून मिळतात का, ते आत्ताच लेखी विचारून ठेव. मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. तिकडे तपासणीला जाणार असशील तर कागदपत्रे बरोबर ने.

खालून उघडणारी एक बॅग तुला उद्या कुरिअरने पाठवतो. तिच्यात वाटीभर पाणी भर, पोटावर लाव आणि शर्ट घालून बाजारात जाऊन ये. पाणी संडासात रिकामे करून क्लिप तूच लावायची. वहिनींना बघू दे, हात लावू देऊ नकोस. कुठे अडलास ते मला फोनवर सांग, म्हणजे जागा आखायच्या दिवशी सिस्टरना काय विचारायचे ते आपण आधी ठरवून ठेवू. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर येणारच आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश