महाबळेश्वर दर्शनाच्या गाडीवरच्या कंडक्टर दादांना

कंडक्टर दादा,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी गाडीतून उतरताना मी "येते हं दादा" एवढंच म्हणाले. मागून लोक रेटत होते, माझी पुण्याची गाडी लागलेली होती, आणि नीट आभार मानायचे राहून गेले. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम चारचौघांत. तुम्ही जे केलंत ते भरल्या गाडीत, सगळ्यांदेखत केलंत. मग आभारही सगळ्यांदेखतच मानायला हवेत.

मी पुण्यात घरीच पिको-फॉलचं काम करते. लग्नसराई सुरू झाली की मान वर करायला फुरसत नसते, म्हणून त्याआधीचा एखादा दिवस स्वतःसाठी ठेवते. सोबत मिळत नाही. मुलगा-सून नोकरीत, मैत्रिणींच्या मागे नातवंडं. सगळ्यांचं जमेल म्हणून बसून राहिलं तर वर्षं निघून जातात, हे मला आता पुरतं कळून चुकलंय. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझ्यासारखीला स्वतःच्या पैशांनी, कोणाला न विचारता, गावाबाहेर पडता येऊ लागलं. स्वारगेटहून पहाटेची गाडी, पिशवीत पोळी-भाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि स्वेटर. रात्री परत घरी. मुक्काम नाही, म्हणजे लॉजचा खर्च नाही.

त्या दिवशी वाई सोडल्यावर पसरणीच्या घाटात कानाला दडे बसले, खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं, आणि मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईंना मी हात लावून ते दाखवलं. पाचगणी मागे पडली तशी खिडकीतून येणारी हवा गार झाली. स्वेटर चढवला आणि मनात म्हटलं, आजचा दिवस माझा.

पण स्टँडवर उतरल्यापासून सगळीकडून एकच प्रश्न. "किती जण?" एक म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलायचा. टॅक्सीवाल्याने सांगितलं, पूर्ण गाडीचे पैसे पडतील, नाहीतर तीन-चार जण जमवून आणा. त्यांचंही पोट आहे, एका माणसासाठी गाडी काढणं परवडत नाही हे मला समजतं. त्याचा राग नाही. पण मी वळल्यावर तो दुसऱ्याला हसत म्हणाला, "एकटीनं कशाला यायचं?" ते मला ऐकू आलं. मग एका ठिकाणी मिसळ खायला बसले. अर्धी मिसळ झाली होती, तेवढ्यात पोऱ्या आला आणि म्हणाला, "मावशी, फॅमिली आलीय, तिकडे बसता का?" तिकडे म्हणजे बेसिनजवळ. मी उठले. ताटली हातात घेऊन गेले. पैसे मात्र तेवढेच दिले.

एकट्या माणसाला सगळेच उठवतात, दादा. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, रेल्वेच्या डब्यात. "तुम्ही एकट्याच आहात ना" असं म्हटलं की पुढचं काही सांगावंच लागत नाही, माणूस आपोआप पिशवी उचलतो. मलाही ती सवय लागलीय.

तुमच्या दर्शनाच्या गाडीत मला डाव्या बाजूची खिडकी मिळाली, कारण मी सगळ्यांत आधी येऊन बसले होते. क्षेत्र महाबळेश्वरला उतरलो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी ओंजळीत घेतलं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाच नद्यांचा उगम त्या एका जागी मानतात. शेजारी महाबळेश्वराचं देऊळ. शिवाजी महाराजांनी १६६५ साली जिजाऊ मासाहेबांची सुवर्णतुला केली ती इथेच. काळ्या दगडाच्या त्या गारव्यात मी जरा जास्तच रेंगाळले असेन. परत आले तर माझ्या जागेवर एक गृहस्थ मांडीवर मुलाला घेऊन बसलेले, मागेपुढे त्यांचंच सगळं कुटुंब. माझी पिशवी त्यांनी खाली ठेवली होती. ते म्हणाले, "तुम्ही एकट्याच आहात ना, मागे एक जागा आहे बघा." बोलणं उर्मट नव्हतं. आणि मी पिशवी उचललीही होती.

तेव्हा तुम्ही दारातून म्हणालात, "साहेब, ती ताईंची जागा आहे. त्यांनीही तिकीट काढलंय."

बस, एवढंच. आवाज चढवला नाहीत, त्यांचा पाणउतारा केला नाहीत. उलट त्यांच्या मुलासाठी पुढच्या बाकावर एक खिडकी करून दिलीत. ते उठले, मी बसले, गाडी सुटली. कोणाचंच काही बिघडलं नाही.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी. ऑर्थर सीटला सगळे उतरत होते. मी जागेवरच घुटमळत होते. उतरले तर जागा जाते की काय, पुन्हा तेच सगळं बोलायचं की काय, असं मनात चाललं होतं. तुम्ही ते ओळखलंत. गळ्यातला मफलर काढलात आणि माझ्या जागेवर टाकलात. म्हणालात, "जा ताई, निवांत बघून या."

एसटीत जागा धरायला रुमाल टाकतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, टोपी, कधी लहान पोरसुद्धा आत जातं. पण रुमाल टाकायला आपलं माणूस लागतं. मिस्टर होते तोवर ते टाकायचे. त्यांच्यानंतर माझ्यासाठी कोणी रुमाल टाकला नव्हता, आणि कोणी टाकेल असं मला वाटतही नव्हतं.

म्हणून मी पॉइंटवर गेले आणि निवांत बघितलं. कठड्याला धरून उभी राहिले. सावित्रीचं खोल खोरं, काळे कडे एकाखाली एक उतरत गेलेले, आणि पलीकडे निळसर कोकण. ज्या सावित्रीचं पाणी मघाशी ओंजळीत घेतलं होतं, ती इथून कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. तिच्याच शेजारी उगम पावलेली कृष्णा मात्र उलट्या दिशेला वळते, पार बंगालच्या उपसागरापर्यंत, जवळजवळ १४०० किलोमीटर. शाळेत भूगोलात पाठ केलं होतं. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि मला भरून आलं. वारा इतका बोचरा होता की डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे कोणाला काही कळलंही नाही.

परत आले तेव्हा तुम्ही दारापाशी उभे होतात, कॉलर वर करून, हात काखेत घालून. त्या वाऱ्यात मफलरशिवाय. मी घडी करून तो परत दिला. माझं काम कपड्याचं, त्यामुळे नजर जातेच. मरून लोकर, घरी विणलेला, एका कडेचा टाका सुटून दोरा लोंबत होता. तुमच्या खाकी शर्टाच्या खांद्यावर, जिथे पैशांच्या पिशवीचा पट्टा घासतो, तिथे आतून तुकडा लावून शिवलं होतं. टीप सरळ आणि बारीक, घाईत मारलेली नाही. तुमच्या घरी कोणीतरी तुमची मनापासून काळजी घेतं, हे मला त्यावरून कळलं. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

पुढे वेण्णा लेकला गाडी थांबली तेव्हा तुम्ही मला काही विचारलंही नाहीत. मी उठले, तुम्ही मफलर टाकलात. दिवसभरात "सोबत कोणी नाही का?" हा प्रश्न मला न विचारलेला माणूस म्हणजे तुम्ही.

एसटीबद्दल लोक काय काय बोलतात. गाड्या जुन्या, काचा खिळखिळ्या, वेळेचा भरवसा नाही. असेलही. पण १९४८ साली पुणे-अहमदनगर पहिली गाडी निघाली तेव्हापासून ही गाडी गरिबाला नेते-आणते. आणि ती चालते तुमच्यासारख्या माणसांवर, ज्यांना कोणी सांगितलेलं नसतं, ज्याचा भत्ता मिळत नाही, तरी जे दुसऱ्याची अडचण बघून हात पुढे करतात. माझ्या आईला बाजाराच्या दिवशी पाटीसकट वर घेणारे कंडक्टर मी लहानपणी पाहिलेत. पाटी टपावर चढवायचे, आणि उतरताना तिच्या डोक्यावर परत ठेवून द्यायचे. ती त्यांना जाता-येता ओंजळभर शेंगा द्यायची. मी तुम्हाला काहीच दिलं नाही. डब्यात दोन पोळ्या उरल्या होत्या, पण सकाळच्या गार पोळ्या पुढे करायला संकोच वाटला.

तुमचं नाव मला माहीत नाही. ते मी विचारलं नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. तिकीट मात्र जपून ठेवलंय. त्यावरची तारीख, वेळ आणि क्रमांक घालून महाबळेश्वरच्या आगारप्रमुखांना वेगळं पत्र टाकलंय. एरवी तिकडे तक्रारीच जात असतील, म्हणून मी वरच ठळक लिहिलंय, "ही तक्रार नाही."

लग्नसराई उरकली की प्रतापगडच्या गाडीला येणार आहे. तुमची ड्यूटी त्या गाडीवर असली तर मफलर घेऊन या. सुई आणि मरून लोकर माझ्या पिशवीत असेल, घाट उतरेपर्यंत टाका घालून होईल.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक प्रवासी