उणे ८० अंशांतले नमुने : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञानमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास करण्यात माझी बावीस वर्षं गेली. सुरुवातीला विष्ठेवर संशोधन करते म्हटलं की लोक विषय बदलायचे. आता तेच ‘कोणतं प्रोबायोटिक घेऊ?’ म्हणून विचारतात आणि बहुतेकदा मला ठामपणे काही सांगता येत नाही.

जन्मानंतर साधारण तीन वर्षांत बाळाच्या आतड्यातली ही वस्ती मोठ्या माणसासारखी होत जाते. प्रसूती कशी झाली, अंगावरचं दूध किती मिळालं, अँटिबायोटिक्स कधी दिली, या सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो. पण यातल्या कशाचा पुढच्या दम्याशी किंवा लठ्ठपणाशी खरोखर संबंध आहे, हे कळायला तीच मुलं दहा-पंधरा वर्षं तपासावी लागतात. आपला निधी मिळतो तीन वर्षांसाठी. मूल नीट बोलायला लागतं, तोवर आमचा प्रकल्प संपलेला असतो.

असाच एक प्रकल्प संपला. बाळांच्या विष्ठेचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये होते, पण त्याच्या देखभालीचा खर्च कुठल्याच खात्यात बसेना. एका सुट्टीत कॉम्प्रेसर बंद पडला. सोमवारी दार उघडलं तर खोक्यांतून पाणी ओघळत होतं, नळ्यांवरची शाई फुटली होती. एका नळीवर ‘दिवस ३’ एवढंच वाचता आलं. नमुना वितळला की काही जिवाणू वाढतात, काही मरतात. मूळ चित्र हाती लागत नाही. ओल्या बाळंतिणीने आठवणीने जपून ठेवलेला नमुना होता तो. तिला काय सांगायचं, हे मला आजही सुचलेलं नाही.

घाई आम्हीही केली आहे. शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो. २०१६ साली नीट हिशेब झाला तेव्हा दोन्ही आकडे जवळपास सारखेच निघाले. पण जिथे चोख चाचणी झाली, तिथे माणसं बरी झाली. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हा पुन्हा जुलाब होणाऱ्या रुग्णांना नेदरलँड्समध्ये निरोगी दात्याच्या विष्ठेचं द्रावण दिलं गेलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १६ पैकी १५ जण बरे झाले होते, काहींना दोनदा द्यावं लागलं एवढंच.

म्हणून विनंती आहे, की मुलांच्या अशा अभ्यासांना किमान दहा वर्षांचा निधी द्या. दर दोन वर्षांनी कठोर तपासणी जरूर करा. फ्रीझर, त्याची वीज आणि सांभाळणारा तंत्रज्ञ यांची तरतूद मात्र प्रकल्पाबाहेर, कायमची हवी.

आमच्या दुसऱ्या फ्रीझरमधल्या नमुन्यांची मुलं आता नऊ वर्षांची होत आली आहेत. चालू निधीचे पाच महिने उरले आहेत.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ