तांपेरे कॅथेड्रल भेट : येत्या शनिवारी

सभासदहो, शनिवारी सकाळी ८ वाजता हेलसिंकी रेल्वे स्थानकाच्या मुख्य दारापाशी जमायचे आहे. तिकीट ज्याने त्याने काढावे.

फिनिश चित्रकार ह्यूगो सिम्बर्गची कॅथेड्रलमधली १९०४ ते १९०६ मधली भित्तिचित्रे पाहायची आहेत. ‘मृत्यूची बाग’ घाईत पाहू नका. काळ्या झग्यातले सांगाडे झाडांची निगा राखतात आणि एकाने फूल छातीशी धरले आहे. इतका मायाळू मृत्यू मी दुसऱ्या चित्रात पाहिलेला नाही! मग मान वर करून छतावरचा पंखवाला साप पाहा. त्यावरून तेव्हा मोठा वाद झाला होता.

- प्रार्थना किंवा लग्न चालू असेल तर बाहेर थांबू.
- फ्लॅश वापरू नये.
- येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव कळवावे.

जमल्यास आधी हेलसिंकीच्या आतेनेउम कलासंग्रहालयातले सिम्बर्गचेच ‘जखमी देवदूत’ (१९०३) हे चित्र पाहून या.