फ्रेमवर्क पाठ करून कन्सल्टंट होता येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीतला मॅनेजमेंट कन्सल्टिंगवरचा, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या व्यवसायावरचा, लेख वाचला. कंपन्यांची माहिती, अर्ज कधी करायचा, पगार वगैरे सगळं ठीकच होतं, पण मुलाखतीच्या तयारीच्या भागात फ्रेमवर्क, म्हणजे प्रश्न सोडवायचे ठरलेले साचे, तोंडपाठ करा म्हणून जो सल्ला दिलाय तो वाचून राहवलं नाही. मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली, मुलाखती दिल्या, नंतर घेतल्याही, आणि हल्ली ओळखीपाळखीतली मुलंमुली मॉक केस, म्हणजे मुलाखतीतल्या केसचा सराव, करायला येतात त्यामुळे हा रोग जवळून बघतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केस म्हणजे एखाद्या कंपनीचा प्रॉब्लेम दोन-तीन वाक्यांत सांगतात, नफा घसरलाय किंवा नव्या देशात जायचं का किंवा अमुक कंपनी विकत घ्यावी का, आणि तो तुम्ही साधारण अर्ध्या तासात कागद-पेन घेऊन समोरच्याशी बोलत बोलत सोडवायचा. कॅल्क्युलेटर नाही. काही सल्लागार फर्ममध्ये, म्हणजे मॅकिन्झीत वगैरे, पुढचा प्रश्न कुठला ते बऱ्याचदा मुलाखत घेणाराच ठरवतो, आणि बीसीजी, बेन या फर्ममध्ये गाडी मुख्यतः उमेदवारानेच हाकायची असते. त्यामुळे कुठे जाताय ते बघून सराव करा, एवढं आधीच सांगते.

आता मध्यंतरी एक मुलगा आला होता, हुशार, बोलायला चांगला, वही भरून फ्रेमवर्क लिहिलेले. त्याला केस दिली की एक कंपनी दोन प्रकारची यंत्रं विकते, एक महागडं आणि एक स्वस्तातलं, एकूण विक्रीची रक्कम गेल्या वर्षीइतकीच आहे, किमती त्याच, प्रत्येक यंत्र बनवायचा खर्चही तोच, तरी नफा तीस टक्क्यांच्या आसपास पडलाय, का ते सांग. त्याने लगेच झाड काढलं. नफा बरोबर उत्पन्न वजा खर्च, उत्पन्नाखाली किंमत आणि नग, खर्चाखाली फिक्स्ड (कायमचा ठरलेला) आणि व्हेरिएबल (नगांप्रमाणे बदलणारा), अगदी सुबक. मग एकेका फांदीवर जाऊन विचारायला लागला, किंमत बदलली का, मी म्हटलं नाही, खर्च वाढला का, नाही, आणि फांद्या संपल्या तसा बावरला आणि एकदम स्पर्धक, नवीन येणारे खेळाडू, पर्यायी वस्तू, असं सुरू झालं कारण वहीत पुढचं पान ते होतं!

झाड चुकीचं नव्हतंच. फक्त त्याने मी सांगितलेलं ऐकलं नव्हतं. दोन यंत्रं आहेत असं मी पहिल्याच वाक्यात म्हटलं होतं, ते उगाच नाही ना म्हणणार. विचारायला हवं होतं ते एवढंच की मॅडम, विक्री तेवढीच म्हणताय पण त्यात महागडं किती नि स्वस्तातलं किती? समजा महागड्यावर 40 टक्के सुटतात आणि स्वस्तातल्यावर 10. गेल्या वर्षी शंभरातले 70 रुपये महागड्याचे होते आणि 30 स्वस्तातल्याचे, म्हणजे नफा 28 अधिक 3, झाले 31. यंदा तेच 40 आणि 60 झालं तर 16 अधिक 6, म्हणजे 22. कशालाच धक्का लागला नाही आणि नफा 31 चा 22 झाला. आणि खरी केस इथून पुढे चालू होते, कारण क्लायंटला हे गणित बहुतेक वेळा आधीच माहीत असतं, त्याला हवं असतं ते हे की गिऱ्हाईक स्वस्ताकडे का वळलं. महागड्याची डिलिव्हरी उशिरा होतेय का, का सेल्सवाल्यांचा इन्सेंटिव्ह नगांवर लावलाय म्हणून ते जे पटकन खपतं तेच पुढे करतायत. मी त्या केसमध्ये इन्सेंटिव्हच ठेवला होता. तिथपर्यंत तो पोचलाच नाही.

हे फ्रेमवर्क काही आभाळातून पडलेले नाहीत हो. बीसीजीचा तो चार चौकटींचा तक्ता, धंद्यांना गाय, कुत्रा अशी नावं देणारा, 1970 चा आहे, एकाच कंपनीचे पाच-पन्नास धंदे असतात तेव्हा पैसा कुठून काढून कुठे लावायचा या प्रश्नासाठी केलेला. हार्वर्डच्या मायकेल पोर्टरच्या पाच शक्ती (स्पर्धक, नवीन येणारे, पर्यायी वस्तू वगैरे) 1979 च्या, त्या एखाद्या उद्योगात एकंदर नफा का सुटतो किंवा का सुटत नाही हे बघायला. दोन्ही आपापल्या जागी भारी आहेत, पण एका कंपनीची विक्री या वर्षी का घसरली याला त्यातलं काहीही लावलं की समोरच्याला लगेच कळतं की हा विचार करत नाहीये, आठवतोय. आणि मुलाखत घेणाऱ्याने ते पाचशे वेळा ऐकलेलं असतं.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर पहिले काही आठवडे केसची पुस्तकं बाजूला ठेवा आणि तोंडी हिशोब करा. रोज, मोठ्याने बोलत. टक्केवारी, पटी, शून्यं सांभाळणं. जी मुलं गणितात एरवी तरबेज असतात तीही कोणी बघत असलं की दहा लाखाचे एक कोटी करून बसतात. आणि उत्तर आलं की ते शक्य तरी आहे का हे बघायची सवय लावा. एकीला विचारलं होतं की एक धावपट्टी असलेल्या विमानतळावर तासाला किती विमानं उतरू शकतील, तिने बराच मोठा हिशोब करून 300 सांगितलं, आत्मविश्वासाने. तासाला 300 म्हणजे दर 12 सेकंदांना एक विमान! दोन विमानांत दोन मिनिटं धरली तरी 30 येतात, संपला विषय. तिला स्वतःलाच हसू आलं, पण मुलाखतीत हसून भागत नाही.

दुसरं म्हणजे निष्कर्ष आधी सांगायचा. ही गोष्ट बार्बरा मिंटो या बाईंनी लावून दिली, 1963 साली त्या मॅकिन्झीत गेल्या, तिथे बायका जवळपास नव्हत्याच तेव्हा, आणि कन्सल्टंट लोकांना धड लिहायला शिकवता शिकवता त्यांनी ती पद्धत बसवली, वर उत्तर, खाली त्याची कारणं, त्याखाली पुरावे. मीसी म्हणून जो शब्द मुलं येता-जाता वापरतात तोही त्यांचाच, म्हणजे मुद्दे एकमेकांत मिसळायला नकोत आणि मिळून सगळं यायला हवं. वाचायला सोपं वाटतं. आपल्याला सवय असते गोष्ट पहिल्यापासून सांगायची, आधी हे बघितलं, मग ते बघितलं, आणि शेवटी म्हणून मला असं वाटतं. ज्याच्याकडे पाचच मिनिटं आहेत तो तिथपर्यंत थांबत नाही. घरी ईमेल लिहितानासुद्धा पहिली ओळ उत्तराची लिहून बघा, महिन्याभरात फरक पडतो.

मॉक केस मात्र माणसाबरोबरच करा. मोबाईलवर एआयशी सराव करतात हल्ली, आकडे घोटायला ठीक आहे, पण समोरचा जांभई देतोय, मधेच तोडतोय, मुद्दाम अर्धवट माहिती देतोय, हे माणूसच करू शकतो, आणि क्लायंटही तसाच असतो.

आणि हो, नोकरी नेमकी काय आहे हे पुरवणीने एका ओळीत गुंडाळलं. पहिली दोन वर्षं सीईओला सल्ला वगैरे काही नसतं. क्लायंटच्या तीन डिपार्टमेंटनी तीन वेगवेगळे आकडे पाठवलेले असतात, ते जुळवत रात्री एक्सेलवर बसायचं, गोदामातल्या सुपरवायझरला पटवून त्याच्याकडून खरी माहिती काढायची (तो तुमच्यावर आधीच वैतागलेला असतो, कारण कन्सल्टंट आले म्हणजे कुणाची तरी नोकरी जाणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं), आणि मॅनेजरने परत केलेली स्लाइड पुन्हा करायची. शिवाय ठरावीक वर्षांत बढती मिळाली नाही तर बाहेर, हा नियम बऱ्याच फर्ममध्ये उघड आहे. मला हे काम आवडलं, खोटं कशाला बोलू, इतक्या कमी वयात इतके वेगवेगळे धंदे आतून बघायला दुसरीकडे मिळत नाहीत. पण ज्याला आकडे जुळवण्यात मजा येत नाही त्याने नुसत्या नावासाठी जाऊ नये.

अजून एक, जे कोणीच शिकवत नाही. कन्सल्टिंगच का, असं विचारलं की सगळे म्हणतात मला इम्पॅक्ट करायचाय. ठीक आहे, पण मग मॅकिन्झीने पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीला ओपिओइड, म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक, गोळ्यांची विक्री वाढवायचा सल्ला दिला त्याबद्दल अमेरिकेत 2021 मध्ये राज्यांना 573 दशलक्ष डॉलर आणि डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय तपास मिटवायला आणखी 650 दशलक्ष डॉलर द्यायचं कबूल केलं, हे वाचून जा. ते काम करणारेही असेच हुशार, पहिल्या नंबरात आलेले लोक होते, आणि त्यांच्याही स्लाइडवर सगळं मीसीच असणार. मी मुलाखत घ्यायचे तेव्हा शेवटी विचारायचे की कुठल्या क्लायंटचं काम तू करणार नाहीस, आणि बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसायचा.

एक विनंती. पुढच्या वेळी पुरवणीत यादी छापण्यापेक्षा एक अख्खी केस छापा, प्रश्न, आकडे, आणि उमेदवार कुठे अडकला तेसुद्धा, उत्तर त्याच्या पुढच्या आठवड्यात द्या. वाचकांनी पाठवलेल्या उत्तरांतली दोन-तीन चुकलेलीही छापा, नावं न टाकता. वर दिलेली यंत्रांची केस हवी असेल तर खुशाल वापरा, फक्त इन्सेंटिव्हचा भाग आधी फोडू नका.

आपली,
एक जुनी कन्सल्टंट