डिचोलीच्या कुंभारकाकांना, कान तुटलेल्या कपवालीकडून

काका, नमस्कार.

तुमची नात वाचून दाखवते म्हणालीय, म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये मी पणजीहून डिचोलीला आले ती पाण्याचं मडकं घ्यायला, आणि पिशवीत माझे तडकलेले तीन बाऊल आणि कान गळून पडलेला एक कप होता, दाखवायला म्हणजे खरं तर रडगाणं गायलाच. त्याआधी मातीकामाचं एक महागडं वर्कशॉप केलेलं (कुठलं ते जाऊ दे), तिथं पहिल्या तासालाच चाकावर बसवलं, फोटो झकास आले, हाताला मात्र काही लागलं नाही. तुम्ही चाकाला शिवूसुद्धा दिलं नाहीत. "बाय, आधी मळ." अर्धा तास मळलं, मग तुम्ही तारेने गोळा मधोमध कापलात तर आत बारीक बारीक भोकं, हवा राहिलेली, म्हणजे परत मळ! चपातीची कणीक रोज मळणारी मी, पण कणकेने कधी असं उघडं पाडलं नव्हतं.

बाऊल का तडकले ते तुम्ही नुसता काठ चाचपून सांगितलंत. काठ पातळ, बूड जाड, वर मी ते पंख्याखाली ठेवलेले. माती वाळताना आकसते, काठ आधी वाळून आकसला आणि बूड ओलंच, त्या ओढाताणीत चीर पडणारच. तेव्हापासून भिंत सगळीकडे पेन्सिलीएवढी जाड ठेवते आणि वर प्लास्टिकची पिशवी सैल झाकते, दोन-तीन दिवस उघडून बघायचं नाही (बघतेच).

आणि कपाचा कान! मी सुकलेल्या कपाला ओला कान चिकटवलेला, नुसतं पाणी लावून. तुम्ही खिशातली मोडकी फणी काढलीत, कप आणि कान दोन्ही सारखेच ओलसर असताना दोन्हीकडे ओरखडे काढलेत, मधे दह्यासारखी पातळ माती लावून दाबलंत, झालं. नख रुतत नाही पण खूण उमटते, तीच जोडायची वेळ, हे मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

मी फुटके तुकडे टाकायला निघाले तर तुम्ही ओरडलात. भाजली नाही तोवर माती परत माती होते, फक्त पूर्ण वाळू दे, मग पाण्यात टाक, अर्धवट ओली असली तर नीट विरघळत नाही. हे मला खोटं वाटलेलं, घरी बादलीत करून बघितलं, पाच मिनिटांत तुकडे भुगा होऊन खाली बसले.

एक कबुली. २०१९ ला आपलं मातीचं घुमट गोव्याचं हेरिटेज वाद्य झालं तेव्हा मीही स्टेटस ठेवलेलं, चवथीला आरतीत घुमट वाजतं तेव्हा अंगावर काटा येतो वगैरे, पण ते दोन तोंडांचं भांडं कोणाच्या तरी हाताने घडतं हे तुमच्या पडवीत ओळीने सुकत ठेवलेली बघेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

पैसे तुम्ही फक्त मडक्याचे घेतलेत. दुसरा कप कानासकट शाबूत आहे, अजून कच्चाच, पावसाआधी तुमच्या भट्टीत जागा असेल तर घेऊन येते.